पश्चिमेची भिंत आणि दक्षिणेची खिडकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत 'घरासाठी कोणते साहित्य वापरावे?' असे विचारलेले आहे. घराची कोणती बाजू तापते, पाऊस कोणत्या अंगाने मारतो आणि वारा कुठून येतो, हे मात्र फार थोड्या वाचकांनी कळवले आहे. एकच उपाय अकोल्यात गुणकारी ठरतो आणि राजापुरात घराचे नुकसान करतो. म्हणून पुढील प्रत्येक उत्तराची सुरुवात मला त्या त्या गावाच्या हवेपासूनच करावी लागली आहे.

प्रश्न : आमचे अकोल्यात दहा वर्षांपूर्वी बांधलेले एकमजली आरसीसी घर आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहा-अकरा वाजताही वरचा स्लॅब गरम असतो आणि पंखा लावला तर गरम वाराच अंगावर येतो. कूलरसुद्धा पूर्वीसारखा गारवा देत नाही. घर न पाडता काय करता येईल? (एक वाचक, अकोला)

उत्तर : आपण रात्री स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावून पाहावा आणि लगेच तोच हात उत्तरेकडच्या भिंतीला लावावा. या दोन स्पर्शांतील फरक म्हणजेच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. मे महिन्यात विदर्भात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. नागपुरात २६ मेच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते, ती त्यामुळेच. अशा दिवसांत घराच्या सर्व पृष्ठभागांत सर्वाधिक ऊन छतावर पडते. पाच इंची स्लॅबमधून ही उष्णता खाली पोहोचायला साधारण तीन ते चार तास लागतात, आणि दिवसभर साठलेली उष्णता तो मध्यरात्रीपर्यंत वर आकाशाकडे व खाली आपल्या खोलीकडे सोडत राहतो. पंखा नेमकी छताखालची तापलेली हवा खाली ढकलतो, म्हणून तो गरम वाटतो.

त्यामुळे पहिला खर्च छतावर करावा, आणि तोही स्लॅबच्या वरच्या अंगाला. खालून पीओपीचे छत केल्यास थोडा आराम मिळतो, परंतु स्लॅब तापायचा तो तापतोच. सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा आहे. गाळलेल्या चुन्यात चिकटपणासाठी थोडे फेव्हिकॉलसारखे द्रव्य मिसळून फेब्रुवारीच्या अखेरीस दोन हात द्यावेत. पावसात तो बराच धुऊन जातो, म्हणून हे काम दर वर्षी करावे लागते, आणि धुळीने गच्ची मळकट झाली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून आठवड्यातून एकदा झाडूही मारावा लागतो. दर वर्षीची ही खटपट नको असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवून घ्यावेत; मात्र कोब्याचे वजन बरेच असते, तेव्हा आधी आपला स्लॅब अभियंत्याला दाखवावा. हिरवी जाळी लावायची असल्यास ती गच्चीवर पसरू नये. तीन-चार फूट उंच, चारही बाजूंनी मोकळी अशी बांधावी, म्हणजे जाळी आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळेल. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने गारवा येतो, हे खरे. पण ज्या गावात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे हा उपाय सुचवणे मला योग्य वाटत नाही.

छतानंतर पश्चिमेची भिंत. मे महिन्यात दुपारी साडेचार वाजता अकोल्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर उतरलेला असतो. चार फूट उंचीच्या पश्चिमेच्या खिडकीवर त्या वेळी सावली हवी असेल, तर छज्जा साडेसहा फुटांहून अधिक पुढे काढावा लागेल, आणि तसा तो कोणी काढत नाही. म्हणून पश्चिमेला आडव्या छज्ज्याऐवजी उभा आडोसा हवा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बांबूची ताटी उभी करावी आणि तिच्यावर वेल चढवावा, किंवा बारा-पंधरा फुटांवर कडुनिंब लावावा. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटी या नजरेने पाहा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला गेले. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि पडवीवर इतकी खाली उतरलेली वळचण, की दुपारचे ऊन भिंतीला लागतच नाही. वर्ध्याच्या उन्हाला दिलेले ते अतिशय नेमके उत्तर आहे.

आता कूलरविषयी. कूलर जेवढी हवा आत फेकतो, तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी बंद असेल तर खोलीतील दमटपणा वाढत जातो, पाण्याचे बाष्प होणे मंदावते आणि गारवा संपतो. म्हणून कूलरच्या समोरच्या अंगाची खिडकी थोडी उघडी ठेवावी. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवर क्षार जमून त्या कडक झाल्या असतील, तर त्या बदलाव्यात. आणि रात्री घर उघडे ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यातली पहाट दुपारपेक्षा १२ ते १५ अंशांनी थंड असते. तो गारवा पहाटेपर्यंत घरात घ्यावा आणि सकाळी आठनंतर खिडक्या-पडदे बंद करून तो आत जपावा. आपल्या आज्या हेच करत असत.

प्रश्न : नाशिकजवळ घर बांधतो आहोत. दक्षिणेला खिडकी ठेवू नये, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. त्यामुळे नकाशात शयनगृहाच्या खिडक्या पश्चिमेला घेतल्या आहेत. हवामानाच्या दृष्टीने हे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : श्रद्धेचा भाग आपला आहे आणि त्यावर मी काही बोलणार नाही. हवामानाच्या दृष्टीने मात्र हा बदल नुकसानीचा आहे. आपल्या अक्षांशावर दक्षिण ही सर्वांत सहज आवरता येणारी दिशा आहे, तर पश्चिम ही सर्वांत अवघड.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैपर्यंत तो किंचित उत्तरेलाच राहतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन पडतच नाही. २१ मार्चच्या सुमारास चार फुटी खिडकीवर पूर्ण सावली धरायला दीड फुटाचा छज्जा पुरतो. तोच छज्जा डिसेंबरात मात्र ऊन अडवत नाही, कारण तेव्हा दुपारचा सूर्य जेमतेम ४७ अंशांपर्यंत चढतो आणि खिडकीच्या खालच्या अडीच फुटांतून ऊन थेट खोलीत येते. निफाडच्या थंडीच्या बातम्या ज्या जिल्ह्यातून दर हिवाळ्यात येतात, त्या जिल्ह्यात डिसेंबरचे हे ऊन फुकट मिळत असताना ते भिंत बांधून अडवू नये. उन्हाळ्यात नको असलेले ऊन बाहेर ठेवणारी आणि हिवाळ्यात हवे असलेले आत घेणारी, तीही एका साध्या छज्ज्यावर, अशी दुसरी दिशा नाही.

पश्चिमेच्या शयनगृहाचे काय होईल, ते अकोल्याच्या उत्तरात आलेच आहे. झोपण्याच्या वेळेपर्यंत ती भिंत पुरेपूर तापलेली असेल. नकाशा अजून कागदावरच असेल, तर पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशी कामे सरकवा, घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि राहण्याच्या खोल्यांना दक्षिण-उत्तर उजेड द्या. कागदावरची खोली हलवायला खोडरबर पुरतो. बांधून झालेली खोली पुढे पन्नास वर्षे विजेच्या बिलात दिसत राहते.

प्रश्न : मुंबईच्या पश्चिम उपनगरातील आमच्या वन बीएचके सदनिकेला पश्चिमेची लहान बाल्कनी आहे. शेजारच्या बहुतेकांनी बाल्कनी सरकत्या काचा लावून खोलीत घेतली आहे. आम्हीही घ्यावी का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : जागेची निकड मी समजू शकतो. तरीही शक्य असेल तोवर घेऊ नये, असेच मी आपल्याला सांगेन.

मुंबईची हवा दमट आहे. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्यामुळे अकोल्यातला रात्री गारवा साठवण्याचा उपाय येथे चालत नाही. येथे अंगावरून वारा वाहणे, एवढाच खरा दिलासा आहे. वारा येतो समुद्राकडून, पश्चिमेकडून; आणि दुपारचे तापलेले ऊन व पावसाची झडही त्याच बाजूने येते. मुंबईच्या घरबांधणीतला हा जुना पेच आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरील २८ मजली कांचनजंगा इमारतीत (१९८३) तो सोडवण्याचा जो मार्ग घेतला, तो आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. त्यांनी पूर्व-पश्चिम वारा घेतला, पण राहत्या खोल्या थेट बाहेर न आणता त्यांच्यापुढे दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या. जुन्या बंगल्यांना चोहोबाजूंनी व्हरांडा असे, त्याचेच ते उंच इमारतीतले रूप आहे. ऊन आणि पाऊस गच्चीवर थांबतात, वारा आत जातो.

आपली चार फुटी बाल्कनी हेच काम लहान प्रमाणात करते आहे. ती खोलीत घेतली की काच थेट उन्हात येते. काचेतून आलेली उष्णता पुन्हा बाहेर पडत नाही, आणि सरकती खिडकी कधीच अर्ध्याहून अधिक उघडत नसल्याने वाराही निम्मा होतो. मग वातानुकूलन यंत्र अपरिहार्य ठरते. त्याऐवजी बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला बांबूच्या चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे, सोडावेत. चिक काचेच्या बाहेर असेल तरच उपयोग. आत लावलेला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. दुसरे म्हणजे, वाऱ्याला आत यायला वाट हवी तशी बाहेर जायलाही हवी. खोलीच्या दारावर झडपेचा झरोका करून घेतला, तर दार लावूनही हवा स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोहोचेल.

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमचे जुने घर चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. माकडे कौले फोडतात, शाकारणीला माणसे मिळत नाहीत. मुलांचे म्हणणे आहे की कौले काढून सपाट स्लॅब टाकावा. आपले मत काय? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : आपली अडचण खरी आहे. 'जुने ते सोने' असे म्हणून ती उडवून लावणाऱ्यांना दर मे महिन्यात शिडी लावून छपरावर चढावे लागत नाही. पण सपाट स्लॅब हे तिचे उत्तर नव्हे. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी क्षणभरही न साचता वाहून जावे, यासाठी छपराला उतार आहे, आणि ते भिंतीपासून दूर पडावे यासाठी पागोळ्या आहेत. सपाट स्लॅब टाकलेल्या अनेक घरांवर पाच-सात वर्षांत गळती सुरू होते आणि मग स्लॅबवर पत्र्याचे छप्पर चढते. म्हणजे उताराचा खर्च शेवटी करावाच लागतो, तोही दुसऱ्यांदा.

ही गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो आहे. उमेदवारीच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मी एक घर केले होते. शहरी दिसावे म्हणून त्याच्या वळचणी काढून टाकल्या आणि भिंती सरळ कठड्यापर्यंत वर नेल्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर घरमालकीणबाईंनी मला पश्चिमेच्या खोलीत नेले आणि काही न बोलता भिंतीवरून हात फिरवून तळवा दाखवला. त्यावर ओला, पिठासारखा गिलावा आला होता. नंतर त्या भिंतीवर तीन फुटांची पडवी उतरवावी लागली. चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि मोकळी हवा मिळाली तर सोडूनही देतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा केला की प्यायलेले पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. म्हणून आपल्या चिऱ्याच्या भिंती उघड्याच ठेवाव्यात, दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, चुन्याने भराव्यात आणि त्यांच्यावर वळचण राखावी. पूर्वी पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतींना विणलेल्या झावळ्यांचे आडोसे बांधत, ते याच कारणाने.

छपरासाठी मधला मार्ग असा आहे. वासे-रिपा कुजल्या असतील तर त्या जागी लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा करावा, त्यावर पातळ पत्रा आणि पत्र्यावर रिपा ठोकून आपलीच कौले पुन्हा बसवावीत. माकडाने कौल फोडले तरी पाणी पत्र्यावरून वाहून जाते, आणि कौल व पत्रा यांमधल्या हवेमुळे नुसत्या पत्र्यासारखी उष्णता व पावसाचा कडकडाट होत नाही. मंगलोरी कौल हेही एके काळी नवेच होते, हे मुलांना सांगावे. बासेल मिशनने मंगळुरात पहिला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, त्याआधी कोकणात कुंभाराची नळीची कौले होती. छप्पर बदलत आले आहे. उतार मात्र कोणी बदलला नाही.

एक काळजी अवश्य घ्यावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत हजारो छपरे उचकटली. रुंद वळचणीखाली वारा शिरला की तो छप्पर वर उचलतो. म्हणून मुख्य छप्पर भिंतीच्या पट्टीला बोल्टने बांधावे, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे, थोडे खालच्या पातळीवर ठेवावे. वादळात पडवी गेली तरी घरावरचे छत शाबूत राहते.

प्रश्न : आमचे आजोबांचे घर औसा तालुक्यात आहे. दगड-मातीच्या भिंती आणि माळवद (मातीचे सपाट छत) असल्याने ते उन्हाळ्यात फार थंड असते, पण १९९३ नंतर घरातले कोणी तेथे झोपायला तयार नाही. नवे सिमेंटचे घर भट्टीसारखे तापते. सुरक्षित आणि थंड, असे दोन्ही मिळणे शक्य नाही का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : शक्य आहे, आणि या प्रश्नाकडे मी अत्यंत गंभीरपणे पाहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंपात हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला होता. हवामानाला साजेशा बांधकामाविषयी बोलताना ही पहाट विसरून चालणार नाही.

त्या भिंती दगड-मातीच्या होत्या एवढ्यामुळेच पडल्या नाहीत. अडीच-तीन फूट जाडीच्या भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते, मध्ये मातीत दगडगोटे भरलेले होते, आणि दोन्ही पदरांना आरपार सांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले. वर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर देत देत माळवद प्रचंड जड झालेले होते. सगळे वजन वर आणि भिंत फुटणारी, अशी ती रचना होती. याउलट, जेथे माळवदाचा भार भिंतींऐवजी लाकडी खणांवर, म्हणजे खांब-तुळयांच्या चौकटींवर, होता, अशा काही घरांच्या भिंती ढासळल्या तरी छत खांबांवर उभे राहिले.

म्हणजे गारवा देणारा जडपणा भिंतीत ठेवावा, छतातून काढून घ्यावा आणि भिंत चोहोबाजूंनी बांधून घ्यावी, असे सूत्र ठरते. जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छत अशा तीन पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, आणि यांच्यामध्ये घडीव दगडाचे, मातीच्या दाबलेल्या ठोकळ्यांचे किंवा विटांचे बांधकाम करता येते. विटा वापरणार असाल तर वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या पोकळ जोडणीचा विचार करावा. तीत विटा काठावर उभ्या लावतात. भिंतीच्या पोटात पोकळी राहते, उष्णता कमी येते आणि विटाही सुमारे चौथ्या हिश्शाने कमी लागतात. भूकंपाच्या दृष्टीने त्याच पोकळीत ठरावीक अंतरावर सळया टाकून काँक्रीट भरता येते. छत हलके आणि वरून पांढरे ठेवावे. जुने घर मात्र अभियंत्याकडून तपासून, माळवदावरची माती उतरवून आणि भिंतींना आरपार सांधे देऊन घेतल्याशिवाय वापरू नये.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पूर्वीपेक्षा मजबूत झाली, याचे समाधान मोठे आहे. परंतु सरळ रुंद रस्ते आणि सुटे सुटे भूखंड आखताना गल्लीची सावली, ओसरी आणि बळद-गोठ्याची जागा हरवली. पुढे लोकांनी आपापल्या दारापुढे पत्र्याचे मांडव घातले. नकाशात जे राहून गेले होते, ते त्या मांडवांनी दाखवून दिले.

प्रश्न : भिंतीसाठी एएसी ब्लॉक घ्यावेत की विटा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एएसी ब्लॉक म्हणजे पोटात हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे. त्यांतून उष्णता विटेच्या मानाने साधारण एक चतुर्थांश वेगानेच आत येते, त्यामुळे पूर्व-पश्चिमेच्या उन्हातल्या भिंतींना ते घेण्यास हरकत नाही, ब्लॉक पुरते सुकलेले असावेत, म्हणजे पुढे भेगा कमी पडतील. पण आधी छताकडे पाहा. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने केलेल्या २०१८ च्या इको-निवास संहितेनुसार छतातून दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये. उघड्या स्लॅबमधून ती याच्या सुमारे तिप्पट येते. भिंतीवर पैसे घालून छत उघडे ठेवणे म्हणजे दार लावून खिडकी उघडी टाकण्यासारखे आहे.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळ आमच्या कर्मचारी गृहनिर्माण संस्थेने पाच एकर जमीन घेतली आहे. ४२ भूखंडांचा आराखडा तयार झाला असून मोकळी जागा एका कोपऱ्यात, ओढ्याला लागून ठेवली आहे. मंजुरीला पाठवण्यापूर्वी काय तपासावे? (संस्थेचे एक सभासद)

उत्तर : मंजुरीपूर्वी विचारलेत, याचा मला फार आनंद झाला, कारण वसाहतीचे हवामान निम्म्याहून अधिक या एका कागदावरच ठरते.

सर्वप्रथम भर पावसात, छत्री घेऊन, जमिनीवरून चालून या. पाणी कुठून येते, कुठे थबकते आणि कोणत्या वाटेने ओढ्याला मिळते, ते नकाशावर निळ्या पेन्सिलीने काढा. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर पाच एकरांवर सुमारे १ कोटी ४० लाख लिटर पाणी पडते. रस्ते त्या उताराला अनुसरून काढले आणि कडेने उघडे चर ठेवले, तर त्यातले बरेच विहिरीत व जमिनीत मुरवता येईल. उतार मोडून भराव घातला, तर तेच पाणी खालच्या भूखंडांच्या जोत्याशी येऊन थांबेल. ओढा बुजवून जमीन 'सपाट करून देतो' असे कोणी म्हणाले, तर कृपया ऐकू नका. ज्या शहराच्या परिसरात मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून नहर काढून केवळ उताराच्या बळावर घरोघर पाणी आणले, तेथे उताराचे मोल वेगळे सांगायला नको. पाणचक्की अनेकांनी पाहिलेली असते; तिला पाणी कोणत्या वाटेने येत होते, हेही एकदा समजून घ्यावे.

त्यानंतर भूखंडांची तोंडे पाहा. रस्ते शक्यतो पूर्व-पश्चिम असावेत, म्हणजे घरांच्या मुख्य बाजू दक्षिण-उत्तर येतील आणि नाशिकच्या उत्तरात सांगितलेला दीड फुटाचा छज्जा सर्वांच्या कामी येईल. प्रत्येक भूखंडाभोवती पाच-पाच फूट सोडून घर मध्यभागी उभे करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. त्या पट्ट्यात ना झाड लागते, ना वारा वाहतो, आणि चारही भिंती मात्र उन्हात राहतात. नियम परवानगी देत असतील तर घरे जोडून बांधावीत. सामाईक भिंतीवर ऊन पडत नाही, आणि वाचलेली जागा मागे एका मोठ्या अंगणासाठी मिळते.

मोकळी जागा कोपऱ्यात टाकू नका. नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत एकदा सभासदांनी मिळून पाहून यावी. तेथे सात-सात घरे एका लहान चौकाभोवती आहेत, असे तीन गट मिळून एक मोठा चौक होतो, आणि भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ सारखे आहेत. पुढे अनेक घरे वाढली, बदलली, काही ओळखू येणार नाहीत इतकी; पण चौक टिकून आहेत. आपल्या ४२ घरांचे सातांच्या हिशेबाने सहा गट होतात. ओढ्याकाठची पट्टी झाडांसाठी राखून उरलेल्या मोकळ्या जागेचे असे चौक केले, तर प्रत्येक घराला दारासमोर सावली मिळेल आणि लहान मुले रस्ता न ओलांडता खेळतील.

शेवटचा मुद्दा झाडांचा आहे, आणि तो सर्वांत तातडीचा आहे. मंजुरी, कर्ज आणि बांधकाम यांत दोन-तीन वर्षे सहज जातील. जमिनीवर आज उभी असलेली बाभूळ, बोर, कडुनिंब यांची जागा मोजणीच्या नकाशावर नोंदवून घ्यावी आणि रस्ता त्यांना वळसा घालून न्यावा. रस्त्यांच्या दक्षिण आणि पश्चिम कडा ठरल्या की बांधकामाची वाट न पाहता याच मे महिन्यात तीन-तीन फुटांचे खड्डे घेऊन ठेवावेत, ते उन्हात तापू द्यावेत, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर त्यांत करंज व कडुनिंबाची पुरुषभर उंचीची रोपे लावावीत. रोपांना पाणी घालण्याची पाळी सभासदांत आतापासूनच वाटून घ्यावी.